एलियनचा सिग्नल नंतर, आधी हायड्रोजन पकडा: नाशिकच्या गच्चीवरून, स्टेप बाय स्टेप

दर पंधरा-वीस दिवसांनी कोणीतरी मला स्क्रीनशॉट पाठवतं. निळ्या-काळ्या पडद्यावर एक उभी पिवळी रेष आणि खाली मेसेज, "ताई हे बघा, १४२० वर आलंय, काय असेल?" मी दरवेळी एकच विचारते, अँटेना काढून बघितली का. बघितलेली नसते. मग पाच मिनिटांनी परत मेसेज, "ताई अँटेना काढली तरी रेष आहे." झालं, ती रेष तुमच्या डोंगलच्या (लॅपटॉपला लावायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरच्या) पोटातली किंवा लॅपटॉपची, आकाशाचा तिच्याशी काही संबंध नाही.

सगळ्यांचं चुकतं ते क्रमात. डोंगल आणला, वायर लावली, १४२० मेगाहर्ट्झ (आकाशातला हायड्रोजन ह्याच फ्रिक्वेन्सीवर बोलतो) टाकलं आणि एलियन शोधायला सुरुवात. खरा क्रम असा की आधी स्वतःचं घर ऐकायचं, मग नीट हॉर्न, म्हणजे भोंग्यासारखी अँटेना, बनवायचा, मग हायड्रोजन पकडायचा, आणि हे सगळं दोन-तीनदा जमलं की मग बारीक रेषांच्या मागे लागायचं. हायड्रोजन आकाशात कायम आहे आणि कुठे, कधी, केवढा दिसणार हे आधीच ठाऊक आहे, म्हणजे तुमचा सेटअप खरंच आकाश ऐकतोय की घरातला मिक्सर, ह्याची ती फुकटातली परीक्षा आहे.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे नंतर रुसवा नको. खाली दिलेल्या हॉर्नचं तोंड अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी आहे, अमेरिकेत ग्रीन बँकला एलियनचे सिग्नल शोधायला वापरतात ती डिश १०० मीटर व्यासाची. दूरच्या ताऱ्यावरचा सिग्नल ह्या खोक्यात सापडेल अशी आशा ठेवू नका. पण सिग्नल खरा की खोटा हे ते लोक ज्या पद्धतीने तपासतात ती पद्धत गच्चीवर जशीच्या तशी शिकता येते.

## तयारी: काय लागतं आणि कशावर पैसे वाचवायचे नाहीत

आरटीएल-एसडीआर डोंगल घ्या, पण टीसीएक्सओ आणि बायस-टी असलेला. टीसीएक्सओ म्हणजे तापमानाने फारसा न हलणारा क्रिस्टल, बायस-टी म्हणजे केबलमधूनच पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज देणारी सोय. साध्या स्वस्त डोंगलचा क्रिस्टल ५० पीपीएमने (दहा लाखांत ५०) सुद्धा चुकतो, १४२० मेगाहर्ट्झला ते होतात ७१ किलोहर्ट्झ, आणि मग तुम्ही हायड्रोजन शोधताय एकीकडे आणि तो बसलाय दुसरीकडे.

दुसरी वस्तू, १४२० साठीच बनवलेला एलएनए (क्षीण सिग्नल मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर), ज्यात फिल्टर आतच असतो. ह्यावर पैसे वाचवू नका. कॉलेज रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, कुठेही राहत असाल तरी चार बिल्डिंग पलीकडे मोबाईलचा टॉवर आहेच, आणि तो ९०० नि १८०० मेगाहर्ट्झवर एवढ्या जोरात बोंबलतो की फिल्टर नसेल तर डोंगल तिथेच गुदमरतो. मग स्क्रीनवर शंभर खोट्या रेषा दिसतात आणि लोकांना वाटतं आकाशगंगा बोलतेय.

बाकी सामान किरकोळ: फ्रिजचा किंवा वॉशिंग मशीनचा पाच पदरी पुठ्ठ्याचा खोका, किचनमधली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, फेविकॉल, दोन एमएम जाड तांब्याची तार, एक एसएमए पॅनल कनेक्टर, मल्टीमीटर, कंपासपेटीतला कोनमापक आणि ओळंबा (दोऱ्याला बांधलेला नट चालतो). आणि एक वही. वही नसेल तर पुढचं वाचू नका, मी गंमत करत नाहीये.

## टप्पा १: आधी घर ऐका

१. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर काढा. डोंगलला काहीही न लावता १४१० ते १४४० मेगाहर्ट्झ हळूहळू फिरा. जी रेष दिसेल ती वहीत, फ्रिक्वेन्सीसकट. डोंगलचा स्वतःचा क्रिस्टल २८.८ मेगाहर्ट्झचा असतो, त्याच्या पटी १४११.२ आणि १४४० ला येतात, तिथे रेष दिसली तर ती त्याचीच.

२. आता एखादी छोटी वायर अँटेना म्हणून लावा आणि परत तेच करा. नवीन आलेल्या रेषा वेगळ्या रंगाने लिहा.

३. घरच्यांना आधी सांगून (नंतर नाही!) मेन एमसीबी पाडा. कुठल्या रेषा गेल्या? एकेक स्विच चालू करत कोणती रेष कशाने आली ते लिहा. एलईडी ट्यूब, इन्व्हर्टर, वायफाय राऊटर, सेट-टॉप बॉक्स, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, सोसायटीची लिफ्ट, हे नेहमीचे आरोपी.

हा टप्पा सगळे गाळतात. मीही गाळला होता, त्याची गोष्ट ऐका. दोन वर्षांपूर्वी मला रोज संध्याकाळी सातला एक सुंदर बारीक रेष दिसायची, साडेसातला गायब. अकरा दिवस मी वही भरत बसले, नवऱ्याला सोडून कोणाला सांगितलं नाही. वहीत नीट बघितलं तेव्हा कळलं की ती रविवारी येतच नाही. रविवारी सुट्टी घेणारे एलियन! खाली हॉलमध्ये सासूबाईंची मालिका सोमवार ते शनिवार सात ते साडेसात, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स त्याच वेळी चालू, आणि माझी केबल त्याच भिंतीच्या मागून गच्चीवर गेलेली. केबलची वाट बदलली, यूएसबीला दोन्ही टोकांना फेराइटचे मणी (केबलवरचा गोंधळ अडवणारे) लावले, रेष गेली.

थांबा आणि तपासा: १४१९.५ ते १४२१.५ ह्या पट्ट्यात वहीतल्या प्रत्येक रेषेसमोर तिचं कारण लिहिलेलं आहे का? नसेल तर हॉर्नला हात लावू नका. १४०० ते १४२७ हा पट्टा जगभर फक्त ऐकण्यासाठी राखून ठेवलाय, त्यात कोणालाच ट्रान्समिट करायची परवानगी नाही, त्यामुळे तिथे जे काही कडक दिसतं ते बहुतेक वेळा तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या घरातून गळतंय.

## टप्पा २: हॉर्न बनवणे

हॉर्नचे दोन भाग, मागचा पत्र्याचा डबा आणि पुढचा पुठ्ठ्याचा भोंगा.

डबा: आतून १६ सेंमी रुंद, १० सेंमी उंच, २२ सेंमी खोल, मागून बंद, पुढून उघडा. जीआय पत्र्याचा. भांडी बाजारात पत्र्याचं काम करणाऱ्याकडून नाहीतर अंबड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या, कागदावर माप लिहून द्या आणि "आतलं माप" हे शब्द तीनदा बोला. मला पहिल्यांदा बाहेरचं माप धरून मिळाला होता. जोड सोल्डरने पूर्ण भरून घ्या, नुसते टाके नकोत.

तेलाचा १५ किलोचा डबा घरात पडलाय, तो चालेल का, हे हमखास विचारतात. नाही. तो चौकोनी आणि हायड्रोजनच्या २१ सेंमीच्या लहरीसाठी जास्तच मोठा, आत लहर एकाऐवजी अनेक प्रकारांनी उड्या मारते आणि तारेला नीट काही मिळत नाही.

तार: १६ सेंमी रुंदीच्या बाजूच्या बरोबर मध्यावर, बंद टोकापासून ७ सेंमीवर भोक पाडा, तिथे एसएमए कनेक्टर बसवा आणि त्याच्या मधल्या पिनेला तांब्याची तार सोल्डर करा. आत डोकावणारी लांबी ५.२ सेंमी. कापताना ५.५ कापा आणि नंतर कानसा, कारण तार छाटता येते, वाढवता येत नाही. कोणाकडे नॅनो-व्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) असेल तर १४२० ला मॅच बघून छाटा, नसेल तर ५.२ वर थांबा.

इथली चूक: तार १० सेंमीच्या अरुंद बाजूतून आत घालणे. तार रुंद बाजूतून आत येऊन अरुंद बाजूला समांतर उभी राहिली पाहिजे. उलटं केलं तर बाकी सगळं बरोबर असून काही म्हणजे काही दिसणार नाही.

भोंगा: तोंड ७५ बाय ६० सेंमी. चार तुकडे कापायचे आणि इथे निम्मे लोक फसतात कारण ते चारही तुकडे एकाच उंचीचे कापतात.

- वरचा आणि खालचा तुकडा: एका टोकाला १६, दुसऱ्याला ७५ सेंमी, मधली सरळ उंची ७४.३ सेंमी
- डावा आणि उजवा तुकडा: एका टोकाला १०, दुसऱ्याला ६० सेंमी, मधली सरळ उंची ७६ सेंमी

असं कापलं की चारही तुकड्यांच्या तिरक्या कडा ८० सेंमीच्या येतात आणि कोपरे मिळतात. कापायच्या आधी टेपने तिरकी कड मोजा, ८० येत नसेल तर परत आखा.

फॉइल पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूने, पाण्यात थोडा पातळ केलेल्या फेविकॉलने चिकटवा. सुरकुत्या पडल्या तर जीव जाळू नका, सेंटिमीटरच्या आतल्या सुरकुतीचं ह्या लहरीला काही वाटत नाही. फटीचं मात्र वाटतं. कोपऱ्यात दोन बाजूंच्या फॉइल एकमेकींवर दुमडून दाबा, कारण चिकटपट्टीच्या गोंदातून करंट जात नाही, वरून अ‍ॅल्युमिनियम टेप मारला म्हणजे जोडलं गेलं असं होत नाही. भोंग्याची फॉइल आणि पत्र्याचा डबा ह्यांना चारही बाजूंनी स्क्रू-वॉशरने आवळा.

थांबा आणि तपासा: मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून चारही पॅनल एकमेकांशी आणि डब्याशी बीप होतात का बघा. एक जरी गप्प असेल तरी पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: जोडणी, आणि तीही ह्याच क्रमाने

१. एलएनए थेट डब्याच्या कनेक्टरला, मध्ये केबल नाही. पाच मीटर साधी आरजी-५८ घातली तर तिच्यातच तीन-चार डीबी जातात, म्हणजे अर्ध्याहून जास्त सिग्नल एलएनएपर्यंत पोचायच्या आधीच संपला. एलएनएच्या पुढे केबल लांब असली तर तेवढं बिघडत नाही.

२. एलएनएपासून केबल डोंगलला, डोंगल यूएसबी एक्स्टेन्शनने लॅपटॉपपासून लांब.

३. सगळं जोडल्यावरच बायस-टी चालू. एलएनएला जेवण तिथूनच मिळतं. बायस-टी विसरणं ही सगळ्यात कॉमन चूक, लोक दोन-दोन रात्री उपाशी एलएनएतून आकाश ऐकत बसलेत.

४. अर्धा तास नुसतं चालू ठेवा, क्रिस्टल गरम होऊन स्थिर होऊ द्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवर डोंगल उघड्यावर ठेवू नका, हात लावता येणार नाही एवढा तापतो.

थांबा आणि तपासा: हॉर्न आकाशाकडे करा, नॉइजची पातळी बघा. मग तोच हॉर्न भिंतीकडे किंवा गच्चीच्या फरशीकडे वळवा. पातळी दोन-तीन डीबीने तरी वर गेली पाहिजे, कारण फरशी गरम आणि आकाश थंड. हॉर्नच्या तोंडासमोर स्वतः उभं राहिलात तरी फरक दिसतो, घरातल्या पोरांना हे दाखवा, फार आवडतं. काहीच हललं नाही तर एलएनए उपाशी आहे नाहीतर तार चुकीच्या बाजूने घातलीय.

## टप्पा ४: सॉफ्टवेअर

एसडीआर-शार्पमध्ये आयएफ अ‍ॅव्हरेज नावाचं प्लगइन मिळतं, सुरुवातीला ते पुरतं. कोणतंही सॉफ्टवेअर वापरा, सेटिंग हीच:

- सॅम्पल रेट सेकंदाला २.४ मेगासॅम्पल. त्यापुढे डोंगल सॅम्पल गाळायला लागतो.
- एजीसी (आपोआप गेन कमी-जास्त करणारी सोय) बंद, गेन हाताने. एजीसी चालू असेल तर तुम्ही जे मोजताय तेच तो सपाट करून टाकतो.
- मधली फ्रिक्वेन्सी १४२०.४ नको, १४२०.१ ठेवा. डोंगल स्वतःच्या मध्यावर एक खोटी सुई दाखवतो, ती बरोबर हायड्रोजनच्या डोक्यात कशाला खुपसायची.
- अ‍ॅव्हरेजिंग पाच मिनिटं तरी. चौपट वेळ दिला की नॉइजचा खडबडीतपणा निम्मा होतो, असा हिशोब आहे.
- उभा स्केल. हायड्रोजनचा उंचवटा अर्धा ते एक डीबी असतो आणि सॉफ्टवेअर उघडल्यावर स्केल असतो जवळपास शंभर डीबीचा, म्हणजे समोर असून दिसत नाही. स्केल दोन-तीन डीबीवर आणा.

## टप्पा ५: कुठे बघायचं

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे गणित तोंडी होतं. आकाशगंगेचा भरलेला भाग हंस तारकासमूहात आहे, त्याचा मधला तारा ४० अंश उत्तर क्रांतीवर (क्रांती म्हणजे आकाशातला अक्षांश), म्हणजे आपल्याकडे तो डोक्यावरून २० अंश उत्तरेला सरकून जातो. हॉर्न उत्तरेकडे, जमिनीपासून ७० अंश वर. कोनमापक आणि ओळंबा हॉर्नच्या डब्याला धरून कोन मोजा.

होकायंत्र स्लॅबवर ठेवू नका, आतल्या सळया त्याला फिरवतात. रात्री ध्रुवतारा बघा, क्षितिजापासून २० अंशावर, पंचवटीकडचे दिवे आडवे आले नाहीत तर दिसतो. हॉर्नचा झोतच (एका वेळी त्याला दिसणारा आकाशाचा तुकडा) साधारण २० अंश रुंद आहे, तेव्हा दोन-चार अंश इकडे-तिकडे चालतंय.

वेळ: ऑक्टोबर अखेरीला हंस संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मध्यावर येतो. पुढे दर महिन्याला दोन तास लवकर. दिवसा असेल तरी चालतं, ढग असले तरी चालतं, पाऊस मात्र पुठ्ठ्याला चालत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर आपल्याकडे हॉर्न माळ्यावर. संक्रांतीच्या आठवड्यातही गच्चीवर काही लावू नका, मांजा आणि पोरं दोन्ही.

हॉर्न एकदा लावला की हलवायचा नाही. आकाशच समोरून सरकतं, हंस झोतातून जायला पावणेदोन तास घेतो.

## टप्पा ६: हायड्रोजन

१. हंस यायच्या दोन-तीन तास आधी, आकाशगंगा झोतात नसताना पाच मिनिटांचा सरासरी ग्राफ सेव्ह करा. हा तुमचा रिकामा ग्राफ, त्यात डोंगल आणि फिल्टर ह्यांचा स्वतःचा बाक असतो.

२. हंस मध्यावर असताना तसाच दुसरा ग्राफ. गेन, स्केल, केबल, कशालाही हात लावलेला नको.

३. दुसऱ्यातून पहिला वजा करा. बाक निघून जातो आणि १४२०.४ च्या आसपास काही शे किलोहर्ट्झ रुंद उंचवटा उरतो. हंसाच्या बाजूला कधी दोन-तीन उंचवटे दिसतात, ते आकाशगंगेचे वेगवेगळे हात, प्रत्येकाचा वेग वेगळा.

उंचवटा बरोबर १४२०.४०५७ वर नाही म्हणून घाबरू नका. दर सेकंदाला एक किलोमीटर वेगामागे ४.७ किलोहर्ट्झ सरकतं, आणि पृथ्वी स्वतः सेकंदाला ३० किलोमीटरने सूर्याभोवती फिरतेय, त्यामुळे वर्षभरात तो नुसता तिच्यामुळे दीडशेच्या आसपास किलोहर्ट्झ इकडे-तिकडे होतो.

थांबा आणि तपासा: दुसऱ्या दिवशी परत करा. आकाशातली गोष्ट रोज चार मिनिटं लवकर येते, आठवड्याला जवळपास अर्धा तास. तुमचा उंचवटा रोज घड्याळाच्या त्याच काट्यावर येत असेल तर तो आकाशातला नाही. माझी सातची रेष मला पहिल्याच आठवड्यात ह्यावरून पकडता आली असती.

## टप्पा ७: आता बारीक रेष दिसली तर

हायड्रोजनचा उंचवटा रुंद असतो, निसर्गातलं बहुतेक सगळं असंच पसरट. कोणी मुद्दाम पाठवलेला सिग्नल बारीक, काही हर्ट्झचा असेल असं धरून शोध चालतो. आणि दुर्दैवाने माणसाने बनवलेलं प्रत्येक यंत्र पण बारीकच रेष मारतं. म्हणून रेष दिसली की क्रमाने:

१. आकडा बघा. १४२०.००० असा गोल आकडा दिसला तर आधी कुठल्यातरी १० किंवा २० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर संशय घ्या. एलियनला आपला मेगाहर्ट्झ माहीत असायचं काही कारण नाही.

२. एलएनएपासून हॉर्न काढा. रेष राहिली तर विषय संपला.

३. पाच मिनिटं लक्ष्याकडे, पाच मिनिटं बाजूला, परत लक्ष्याकडे, परत दुसऱ्या बाजूला, अशा एकूण सहा पाळ्या. रेष फक्त लक्ष्याकडे असताना दिसली पाहिजे आणि बाजूला केल्यावर जायला पाहिजे. मोठ्या दुर्बिणींवरही हेच करतात. आपला झोत रुंद असल्याने बाजूला म्हणजे निदान ४० अंश बाजूला.

४. लॅपटॉप बॅटरीवर, मेन बंद.

५. गाव बदला. सगळं गाडीत टाकून गिरणारेच्या पुढे किंवा गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला जा, टॉवर लांब असलेली जागा शोधा, तीच रेष तिथे दिसते का बघा. माझ्या ओळखीत ह्या पायरीला टिकलेली रेष अजून एकही नाही.

तिसरी पायरी पास झाली म्हणून लगेच नाचायचं नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ६४ मीटरच्या पार्क्स दुर्बिणीला प्रॉक्झिमा सेंटॉरी ह्या ताऱ्याच्या दिशेने ९८२.००२ मेगाहर्ट्झवर रेष दिसली, लक्ष्याकडे होती, बाजूला नव्हती. नंतर त्याच डेटात तशाच सरकणाऱ्या आणखी रेषा दुसऱ्या फ्रिक्वेन्सींवर सापडल्या आणि २०२१ मध्ये जाहीर झालं की हा पृथ्वीवरचाच गोंधळ. त्याच पार्क्सला काही गूढ झटके दिसायचे, ते निघाले मायक्रोवेव्ह ओव्हन बंद व्हायच्या आत कोणीतरी दार उघडत होतं त्याचे!

रेष सरकण्याबद्दल एक. पृथ्वी फिरते म्हणून बाहेरचा सिग्नल हळूहळू सरकायला हवा, हे खरंय, पण नाशिकहून १४२० ला ते सरकणं जास्तीत जास्त सेकंदाला ०.१५ हर्ट्झच्या आसपास आहे आणि आपल्या चांगल्या डोंगलचा एक पीपीएम म्हणजेच १४२० हर्ट्झ. तापमानाने क्रिस्टल त्याच्या कितीतरी पट सरकतो. त्यामुळे "ताई रेष सरकतेय" हा पुरावा धरू नका, गार वारा आला असेल.

हे सगळं जमलं आणि पुढे जायचं असेल तर ब्रेकथ्रू लिसनवाल्यांचा (एलियनचे सिग्नल शोधणारा प्रकल्प) मोठ्या दुर्बिणींचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, टर्बो-सेटी नावाचं त्यांचं बारीक रेषा शोधायचं सॉफ्टवेअरही फुकट, पायथॉन थोडं यायला हवं. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पुणे रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला जा, ४५ मीटरच्या ३० अँटेना, आणि गेटवर मोबाईल बंद करायला सांगितलं की कुरकुर करू नका, आता तुम्हाला कारण माहितीये.

स्क्रीनशॉट पाठवायचा असेल तर जरूर पाठवा, पण सोबत एवढं हवं: फ्रिक्वेन्सी तीन दशांश स्थळांपर्यंत, हॉर्न काढल्यावरचा दुसरा स्क्रीनशॉट, सलग तीन दिवसांच्या वेळा, आणि त्यावेळी घरात टीव्ही चालू होता का.